माणूस न वाचणारं रान

“बांगड्यासुद्धा?” शैलजाने विचारलं.

“बांगड्यासुद्धा,” रान राखणाऱ्या कुमुदताई म्हणाल्या. “बांगडी आणि मनगट यांच्यामध्ये काय काय राहतं, ते मी तुम्हाला काय सांगणार? तुम्ही दवाखान्यातल्या.”

शैलजा हसली. तिची सगळी नोकरी बेळगावच्या एका इस्पितळात, आधी वॉर्डात, मग ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून झाली होती. स्वच्छतेचे नियम तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिने बांगड्या काढल्या, घड्याळ काढलं, अंगावरचे कपडे बदलून रानाने दिलेला करडा सदरा-पायजमा चढवला आणि रानाचेच गमबूट घातले. बरोबरच्या चार-पाच पाहुण्यांनीही तेच केलं. सगळ्यांच्या पिशव्या फळीवर गेल्या. शैलजाने फक्त औषधांची निळी पिशवी खांद्यावर ठेवली.

“इन्सुलिन आहे,” ती म्हणाली.

“असू दे. औषधाची पिशवी आम्ही उघडत नाही.”

पिशवीत इन्सुलिन होतंच. त्याच्याखाली ओल्या शेवाळात गुंडाळलेली एक छोटी आमरी होती, झाडाच्या फांदीवर वाढणारं ऑर्किड.

ही आमरी करंजखोलच्या याच रानातली. शैलजाचे वडील, नाना, तरुणपणी रस्त्याच्या मोजणीसाठी घाटमाथ्यावर आले होते. तेव्हा हे रान कुणी राखलेलं नव्हतं. वाऱ्याने मोडलेल्या फांदीवरची ती आमरी नानांनी उचलून घरी आणली, खिडकीत टांगली आणि मरेपर्यंत वाढवली. शेवटच्या वर्षात त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली होती, पण खिडकीकडे बोट दाखवून ते शैलजाला म्हणत, “पाहुणीला घरी पोचव गं. फार दिवस राहिली.” नाना गेले. वर्षश्राद्धाच्या आधी शैलजाने करंजखोलला जायचं ठरवलं. रानात बाहेरचं पानही नेता येत नाही, हे तिला माहीत होतं. पण ही बाहेरची नव्हेच, असं तिने मनाशी धरलं. प्रवासात मुळं सुकू नयेत म्हणून घराजवळच्या शोभेच्या रोपांच्या दुकानातून तिने शेवाळाचं एक ताजं पाकीट आणलं आणि आमरी त्यात गुंडाळली.

गेटपाशी चहा झाला. चहा पिता पिता कुमुदताईंनी पाहुण्यांना जाळ्या दाखवल्या. डोंगरकडेला दोन खांबांमध्ये ताणलेली तलम जाळी, तिच्याखाली पन्हळ आणि पन्हळीच्या टोकाला एक राखाडी पेटी.

“हा आमचा वाचक,” त्या म्हणाल्या.

त्या वर्षांत हवा वाचता येऊ लागली होती. प्रत्येक जीव सतत झडत असतो. कातडीचे पापुद्रे, पराग, बीजाणू, श्वासातले शिंतोडे, या सगळ्यांत त्या जिवाच्या डीएनएचे तुकडे असतात, आणि डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली त्या जिवाची ओळख. हवेतले हे तुकडे गोळा करायचे, एकेक धागा अतिसूक्ष्म छिद्रातून ओवायचा आणि ओवताना वीजप्रवाहात पडणारे बारीक फरक मोजून अक्षरं ओळखायची. सुरुवातीला हे काम मोठ्या प्रयोगशाळेत चालायचं. मग यंत्र पावाच्या लादीएवढं झालं आणि सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये, दुकानांत, टोलनाक्यांवर बसलं. प्रत्येकाची अक्षरं एका सार्वजनिक नोंदणीत जमा झाली. कोण आलं, कुणाबरोबर आलं, कुणाला ताप आहे, सगळं कळू लागलं. चोऱ्या थांबल्या, हे खरं. पण शैलजाच्या शेजारचं एक लग्न त्या यंत्राने मोडलं आणि वरच्या मजल्यावरच्या आजोबांचा आजार त्यांच्या मुलांच्या आधी वॉचमनला समजला.

“धुक्याचा थेंब कुठल्या तरी कणाभोवतीच धरतो,” कुमुदताई सांगत होत्या. “म्हणजे धुकं ही आयती गोळा केलेली हवाच. रानात आज कोण कोण आहे ते आम्हाला या पाण्यातून कळतं. पाण्याचा थोडा नमुना आम्ही गोठवूनही ठेवतो, पुढे पडताळायला. पण एक सांगते. हा वाचक माणूस वाचत नाही. धाग्याची पहिली काही अक्षरं माणसाची निघाली की तो वीज उलटी करतो आणि धागा आला तसा बाहेर ढकलतो. ह्यांनी तो नियम केला, मी पाळते.”

‘हे’ म्हणजे त्यांचे दिवंगत नवरे, भास्कर गवस. वडिलोपार्जित काजूच्या उतारावर त्यांनी रान परत येऊ दिलं होतं, आणि आजूबाजूचे उतार हळूहळू त्याला जोडले होते. आता सगळं रान कुमुदताईंच्या राखणीत होतं.

“लोक जाताना म्हणतात, दोन दिवस कुणी बघत नव्हतं,” त्या हसून म्हणाल्या. “झाडं बघायला येतात की त्यासाठी, देव जाणे.”

तेवढ्यात त्यांचा दीर जयवंत आला. त्याची घाटाखाली नर्सरी होती आणि पाहुण्यांना रान दाखवायचं कामही तोच करी. त्याच्या हाताला कोपरापर्यंत माती होती. नळावर बराच वेळ साबण लावून त्याने हात धुतले, कपडे बदलले आणि सगळ्यांना हाक मारली, “चला, ढग खाली उतरलाय. ह्यो बरो वेळ.”

रानात शिरताच प्रकाश दुधाळ झाला. सह्याद्रीच्या माथ्यावर अशी ढगवनं आता मोजकीच उरली होती. हवा तापत गेली तसा ढगांचा तळ वर सरकत गेला आणि खालची रानं कोरडी पडली. इथे मात्र ढग अजून झाडांतून चालत जायचा. बुटकी, वाकडी झाडं, त्यांच्या अंगावर हातभर शेवाळ, आणि पाऊस नसतानाही पानापानावरून टपटप. त्या टपटपीत दुसराच एक आवाज होता, कुणी नखाने टिचक्या वाजवाव्यात तसा. चारी बाजूंनी.

“टिचकी,” जयवंत हलक्या आवाजात म्हणाला. “अंगठ्याच्या नखाएवढो बेडूक. तो पाण्यात अंडी घालत नाय. ओल्या पाचोळ्यात घालता. अंड्यातून पोर बाहेर येता तीच बेडूक होऊन. जगात फक्त ह्या एका डोंगरावर आसा.”

ओढ्यापाशी आल्यावर शैलजा म्हणाली, “मी जरा बसते. इंजेक्शन घ्यायचंय.”

“बसा. आम्ही ह्या वळणावर थांबतो. दोरीपलीकडे मात्र जाव नकात.”

माणसं धुक्यात दिसेनाशी झाली. शैलजा वाटेच्या कडेने बांधलेल्या दोरीखालून पलीकडे गेली. थोडं वर चढल्यावर तिला हवं तसं झाड मिळालं, दुबेळक्यात शेवाळाची गादी असलेलं. तिने आमरी शेवाळासकट तिथे टेकवली आणि पट्टीच्या जाळीदार कापडाने हळुवार बांधली, जखम बांधावी तशी. मग तिथेच उभी राहून ती रडली. नाना गेल्यापासून एवढं हलकं तिला वाटलं नव्हतं. आपल्या हातून काहीतरी चांगलं घडलं, असं म्हणतच ती डोळे पुसत खाली उतरली.

जयवंतने विचारलं, “बरं वाटतां मां?”

“खूप बरं,” ती म्हणाली.

*

कुमुदताईंचा फोन आला तेव्हा शैलजा दिवाळीच्या चकल्या पाडत होती. करंजखोलच्या रानातला आवाज थेट ऐकता येई आणि तिथून आल्यापासून स्वयंपाक करताना तो लावून ठेवायची तिला सवय लागली होती. तिने तो बारीक केला.

“शैलजाताई, एक विचारायचं होतं. त्या महिन्यात आलेल्या सगळ्यांनाच विचारतेय मी. चुकून काही आत नेलं होतंत का? बी, फळ, देवाचं फूल, काहीही?”

“का हो? काय झालं?”

“वरच्या ओढ्याजवळच्या जाळीत एक बुरशी सापडली. बेडकांच्या कातडीवर वाढणारी.” कुमुदताईंचा आवाज दमलेला होता. “बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून ओढून घेतो. रक्तातलं मीठही कातडीच सांभाळते. ही बुरशी कातडी जाड करते. मीठ निसटत जातं आणि एक दिवस हृदय थांबतं. आपल्याकडे हिची जुनी जात होती, तिची बेडकांना सवय झालेली. ही नवी आहे. शोभेच्या झाडांच्या ओल्या शेवाळातून जगभर फिरतेय. वर कुठेतरी तिचं मूळ आहे आणि तिथून ती धुक्याच्या पाण्याबरोबर ठिबकतेय. ते सापडलं तर काढून टाकता येईल. पण धुकं सगळीकडून गोळा करतं, कुठून आणलं ते सांगत नाही. कुणी काही नेलं असेल तर मला नुसती जागा सांगा. मी रागावणार नाही, नावही घेणार नाही.”

चकलीचा साचा शैलजाच्या हातात तसाच राहिला. तोंड उघडलं तेव्हा ती खरं सांगणार होती, असं तिला पुढे कितीदा तरी वाटलं.

“नाही हो,” ती म्हणाली. “मी काय नेणार?”

“बरं. माफ करा हं, विचारलं.”

आणि मग, कुणी विचारलं नसताना, ती बोलली. “एक सांगू का? त्या दिवशी जयवंतराव आले तेव्हा त्यांच्या हाताला माती होती. नर्सरीतली असेल. धुतले त्यांनी हात, पण मला आपलं दिसलं म्हणून सांगितलं.”



“हो का,” कुमुदताई म्हणाल्या. “बरं.”

फोन ठेवल्यावर शैलजाने उरलेल्या चकल्या पाडल्या. माती होतीच, ती स्वतःला सांगत राहिली. मी काय खोटं बोलले? तळलेल्या चकल्यांचा पहिला घाणा करपला. तिने तो कुणाला दिसायच्या आत कचऱ्यात टाकला.

रात्री जेवताना तिने मुलीला, ऋजुताला, सगळं सांगितलं. ऋजुता सोसायट्यांमध्ये हवेचे वाचक बसवणाऱ्या कंपनीत कामाला होती.

“तुझंच शेवाळ होतं कशावरून? रोज कोणी ना कोणी जातंच तिथे,” ऋजुता म्हणाली.

“दोरीपलीकडे मीच गेले होते.”

“ते कुणाला माहितेय? आई, अख्ख्या देशात ती एकच जागा असेल जिथे माणूस वाचत नाहीत. तू गप्प बस. आज कबूल केलंस तर उद्या हे प्रत्येक वाचकावर तुझ्या नावापुढे दिसेल. दुकानात शिरलीस तरी दिसेल.”

शैलजाला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याची इतकी लाज वाटली की ती ताटावरून उठली.

नंतरच्या आठवड्यात तिनेच कुमुदताईंना फोन केला. कशी आहे परिस्थिती, एवढंच विचारायचं होतं. कुमुदताई एखाद्या जवळच्या माणसाशी बोलावं तशा बोलल्या.

“तुम्हाला म्हणून सांगते शैलजाताई, जयवंताला मी रानात यायचं बंद केलंय. तुम्ही म्हणालात त्यावर मी विचार केला. त्याच्या नर्सरीत असलं शेवाळ येतंच. त्याला विचारलं मी, ‘तुझ्याकडून तर गेलं नाय मां?’ तर तो अंगणात उभा राहून म्हणाला, ‘वयनी, ते गोठवलेले नमुने काढ आणि माणसं वाच. वर कोण गेल्लो ता कळतला. माका कसली भीती नाय.’ मी म्हटलं, ‘तुका एकट्याक कसा वाचू रे? वाचलंय तर सगळ्यांकच वाचूक लागतला. मी लोकांना शब्द दिलाय.’ तर म्हणाला, ‘लोकांका शब्द दिलंस, आणि माझ्यावर संशय घेतलंस.’ गेला तो. नवऱ्याच्या माघारी हाच एक माणूस होता मला.”

“मग... वाचणार का तुम्ही?” शैलजाने विचारलं.

“नाही,” कुमुदताई म्हणाल्या. “नाही वाचणार. ज्याच्या हातून झालं तो सांगेल. माणसं एवढी वाईट नसतात.”

शैलजाने “हो ना” म्हटलं. त्या क्षणी तिच्या मनात जे आलं ते तिने ऋजुतालाही कधी सांगितलं नाही: वाचणार नाहीत, म्हणजे मी वाचले.

ती सिस्टर होती. संसर्गाचं मूळ जागेवर राहिलं तर वॉर्डाचं काय होतं, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. न धुतलेल्या हाताने पट्टी बदलणाऱ्या पोरींना तिने वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात झापलं होतं. आता रोज सकाळी ओट्याशी उभी राहून ती रानाचा आवाज लावी. थेंब ऐकू येत, पाखरं ऐकू येत. टिचक्या विरळ होत चालल्या होत्या. आधी चारी बाजूंनी यायच्या, मग मधूनच, मग कान देऊन ऐकावं लागे. ‘उद्या सांगू’ असं ती रोज म्हणे. नानांचं वर्षश्राद्ध झालं. पिंड ठेवताना गुरुजींनी, “काही इच्छा राहिली होती का त्यांची?” असं विचारलं, तर तिने मान हलवून नाही म्हटलं.

एका सकाळी कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या, भाजी शिजली, पोळ्या झाल्या, आणि तेवढ्या सगळ्या वेळात एकही टिचकी वाजली नाही. शैलजाने गॅस बंद केला. साडी बदलली. ऋजुता कामावर गेली होती. तिला न सांगताच शैलजा करंजखोलला निघाली.

*

घाट चढताना ती वाक्यं जुळवत होती. आधी जागा सांगायची. मग जयवंतरावांबद्दल आपण बोललो ते परत घ्यायचं. मग माफी. वडिलांची गोष्ट सांगायची नाही, असं तिने ठरवलं. ती सांगितली की दया मागितल्यासारखं होईल. वळणावळणाला एक प्रकारचं धैर्य येत होतं. उशिरा का होईना, मी सांगते आहे.

गेट उघडं होतं. कपडे बदलायच्या खोलीला कुलूप होतं. कुमुदताई पडवीत बसून पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्यांना भोकं पाडत होत्या. शैलजाला पाहून त्या उठल्या नाहीत.

“या,” त्या म्हणाल्या.

“कुमुदताई, मला तुम्हाला एक सांगायचंय. त्या दिवशी मी...”

“परवा कळलं मला.”

शैलजाची जुळवलेली वाक्यं तिथेच थांबली.

“खालच्या ओढ्यातही मेलेले बेडूक दिसायला लागले,” कुमुदताई म्हणाल्या. त्या डब्यावरून नजर काढत नव्हत्या. “मग मी नमुने बाहेर काढले. सगळ्या जाळ्यांचे, त्या अख्ख्या महिन्याचे. वाचकाला सांगितलं, माणसं वाच. नोंदणीशी ताडून नावं काढली. दोरीपलीकडच्या जाळीत पाहुण्यांपैकी एकच नाव होतं. काल आम्ही त्या जाळीभोवतीचं प्रत्येक झाड तपासलं. आमरी सापडली, पट्टीचं कापड होतं तिला बांधलेलं. काढली आणि जाळली.”

“मला फोन का नाही केलात?”

कुमुदताईंनी पहिल्यांदा वर पाहिलं. “काय विचारणार? एकदा विचारलं होतं.”

शैलजा पडवीच्या पायरीवर बसली. बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

“मी येतच होते,” ती म्हणाली, आणि ते किती पोकळ आहे ते तिला बोलतानाच ऐकू आलं.

“तुम्ही चार दिवस आधी आला असतात तर मला ते नमुने उघडावे लागले नसते,” कुमुदताई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ऐकणं अवघड होतं. “ह्यांनी मरताना माझ्याकडून एवढंच मागितलं होतं. रानात येईल तो माणूस वाचायचा नाही. मी मोडलं. ज्याचं नाव शोधत होते ते मिळालं, पण वाचक एवढ्यावर थांबत नाही ना. कोण कुणाबरोबर आलं होतं, कुणाच्या अंगात काय आहे, कोण कुणाचं कोण लागतं... सगळं माझ्यासमोर आलं. जयवंताबद्दलसुद्धा. त्याला स्वतःला जे माहीत नाही ते. मी ते त्याला सांगणार नाही, कुणालाच नाही. पण तो समोर आला की मला ते दिसणार. आता जन्मभर दिसणार.”

धुकं पडवीपर्यंत आलं होतं. डब्यांवर बारीक थेंब धरत होते.

“त्या महिन्यातल्या प्रत्येकाला मी काल कळवलं, की मी तुम्हाला वाचलंय,” कुमुदताई म्हणाल्या. “काहींनी शिव्या घातल्या. एक बाई काहीच बोलली नाही, नुसती रडत राहिली. कशासाठी ते मला माहीत होतं, आणि तेच वाईट. तुमचा एक फोन तेवढा राहिला होता.”

“जयवंतराव कुठे आहेत?”

“खाली. त्याच्या पॉलिहाऊसमध्ये. सापडले तेवढे जिवंत बेडूक तिथे नेलेत आम्ही. ही बुरशी उष्णतेत मरते. बेडकांना ताप आणल्यासारखं करायचं. सोसेल तेवढा.” त्यांनी डब्यांची चवड शैलजापुढे सरकवली. “जाताच आहात तर हे घेऊन जा. त्याला लागणार आहेत.”

“ते... तुमच्याकडे परत आले?”

“बेडकांसाठी आला,” कुमुदताई म्हणाल्या. “माझ्याशी बोलत नाही.”

*

पॉलिहाऊसचं दार उघडताच दमट ऊब अंगावर आली. जिथे एरवी जास्वंदी आणि क्रोटनच्या कुंड्या असायच्या त्या मांडण्यांवर ओळीने पांढरे डबे होते. जयवंत एका डब्यातलं तापमान बघत होता. शैलजाने डबे खाली ठेवले.

“जयवंतराव, मी शैलजा मुतालिक. तुमच्यावर...”

“ओळखलं,” तो म्हणाला.

“आमरी मी नेली होती. तुमच्या हाताच्या मातीबद्दल कुमुदताईंना मीच सांगितलं. माझ्यावर येऊ नये म्हणून.”

हे शेवटचं वाक्य करंजखोलात कुणालाच माहीत नव्हतं. हवा वाचून ते कळण्यासारखं नव्हतं. ते बाहेर पडल्यावर शैलजाला हलकं वाटलं नाही. उलट ते आता दोघांच्या मध्ये उभं राहिलं.

जयवंतने थर्मामीटर पुसला. “वयनीन माका विचारलां तेव्हा मी समजलंय, कोणी तरी कान भरलेत. पण ता नांव तिनं सांगूक नाय.” मग तो शहरातल्या माणसाशी बोलतात तशा मराठीत, शब्द निवडून, म्हणाला, “तुम्हाला माहीत होतं. पहिल्या फोनपासून माहीत होतं. मग एवढे दिवस तुम्ही काय करत होतात?”

शैलजाकडे उत्तर होतं. ते इतकं साधं होतं की तिला ते बोलवेना. पण दुसरं काही बोलायला उरलंही नव्हतं.

“घरीच होते,” ती म्हणाली. “स्वयंपाक करत होते. दिवाळीचा फराळ केला. वडिलांचं श्राद्ध केलं. रोज सकाळी तुमच्या रानाचा आवाज लावायचे आणि किती उरलेत ते ऐकायचे. आणि कुणी आपल्याला ओळखलं नाही ना, एवढंच बघत होते.”

जयवंतने मान डोलवली, जणू त्याला असंच काहीतरी अपेक्षित होतं. त्याने माफ केलं नाही आणि शिवीही दिली नाही. बाहेर कुठल्याशा ट्रकने घाटात गिअर बदलला.

“मी काही करू का?” शैलजाने विचारलं. “मला हात स्वच्छ ठेवता येतात.” हे शब्द तोंडातून गेले आणि तिचा चेहरा तापला.

जयवंतने कोपऱ्यातल्या मेजावरचं हातमोज्यांचं खोकं दाखवलं. “त्या टोकापासून सुरू करा. जे मेलेत ते बाहेर काढायचे. एका नळीत एक. उरलेल्यांका धक्का लागता कामा नये.”

तिने हात धुतले, कोपरापर्यंत. हातमोजे चढवले. पहिल्या डब्यात ओल्या टिपकागदावर सहा बेडूक होते, पाठीवर हिरवट सोनेरी ठिपके. पाच श्वास घेत होते, गळ्याखालचं कातडं बारीक हलत होतं. एक कडेला पाय पसरून पडला होता. तिने त्याला दोन बोटांनी उचलून तळहातावर घेतलं. त्याला वजन असं नव्हतंच.

जयवंत मांडणीच्या पलीकडून येत होता. त्याच्या पावलांचा आवाज जवळ आला आणि शैलजाच्या लक्षात आलं की तिची मूठ आपोआप मिटली आहे.

तिने मूठ उघडली. हात पुढे धरला.

“हा एक,” ती म्हणाली.

त्याने नळी पुढे केली.